सस्पेन्शन नंतर, आधी बूट आणि टायर

हीरोच्या एक्सपल्स या ऑफ-रोड बाइकवर क्रॉस-कंट्री, म्हणजे रस्ता सोडून माती-दगडांतून रायडिंग, सुरू करताना आधी सस्पेन्शन (शॉक अॅब्सॉर्बर) बदलावं का, असा एकाचा प्रश्न आहे. अजिबात नको. पहिला खर्च मोटोक्रॉसचे बूट, नी-गार्ड, हेल्मेट, गॉगल यांवर. मग ऑफ-रोड टायर. हवा १५ ते १८ पीएसआय. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून फाटते. शिवाय टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटतो, म्हणून मागच्या चाकाला रिम-लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प, हवंच.

इंदूरभोवतीची काळी माती पावसात मडगार्डखाली भरून चाक जाम करते, त्यामुळे उंच मडगार्ड लावा. उन्हाळ्यात त्रास बारीक धुळीचा. फोमचा एअर फिल्टर असेल तर दर राइडनंतर धुवा, पूर्ण वाळवा, मगच फिल्टर ऑइल लावा. पेट्रोलने धुऊ नका, फोमचे जोड सुटतात.