दिवसभर रानात राबल्यावर घरची बिअर : कोल्हापुरात जमेल का? (बजेट २ हजार)

उसाचा_पाला
नमस्कार मंडळी. वडणग्याकडं आमचं दीड एकर रान आहे, सगळा ऊस. आठवडाभर नोकरी आणि रविवारी रान. सध्या खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाचा, पाला काढायचं चाललंय. संध्याकाळपर्यंत अंगभर कूस आणि नुसती खाज.

मागच्या उन्हाळ्यात इंग्लंडला मेव्हण्यांकडं तीन आठवडे होतो. एक दिवस त्यांच्या परसातलं गवत कापलं, कुंपण रंगवलं. सहा वाजता त्यांनी गॅरेजमधनं स्वतः केलेल्या बिअरची बाटली काढली. गढूळ, तळाला गाळ, फार गारही नव्हती. पण पायरीवर बसून ती प्यायलो ते अजून विसरलो नाही.

तर प्रश्न असा, की बादली, यीस्ट, बाटल्या धरून २ हजारात हे इथं होईल का? आमच्या उन्हाळ्यात टिकेल का? आणि घरच्या उसाचा गूळ घातला तर? आई माळकरी आहे, हे धरून सांगा.

मेलबर्न_रिटर्न
सहा वर्षं मेलबर्नला होतो, चाळीसेक बॅच केल्या, म्हणून अधिकारानं सांगतो. खरी बिअर म्हणजे जव. मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट. तो ६६-६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, गाळायचा, मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळायचा. गार झाला की यीस्ट. दोन आठवडे बादलीत, दोन आठवडे बाटलीत. गुळाचं नाव काढू नका.

आणि तापमान! एल म्हणजे अशा घरगुती बिअरचा प्रकार, त्याच्या यीस्टला १८ ते २२ अंश लागतात. तिशीत गेलं की केळ्याचा वास येतो आणि प्यायल्यावर डोकं धरतं. तेव्हा आधी जुना फ्रीज आणि त्याला थर्मोस्टॅट. १२ हजार धरून चला.

शिरोलीकर
प्लास्टिकची बादली घेऊ नका, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. ३०४ स्टेनलेसची ३० लिटरची टाकी करून घ्या, तळाला नळ, वर घट्ट झाकण. आमच्याकडं वेल्डिंग असं करतो की जोड हाताला लागत नाही. ९ हजारात बसवून देतो, ओळखीत साडेआठ.

उसाचा_पाला
बजेट २ हजार आहे हो.

शिरोलीकर
स्टील आयुष्यभर जातं. विचार करा.

नियमावर_बोट
टाकी आणि फ्रीज राहू दे बाजूला. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, पूर्वीचा मुंबईचा, आता महाराष्ट्राच्या नावानं. परवान्याशिवाय दारू करणं, बाटलीत भरणं, त्यासाठी भांडी ठेवणं, सगळं कलम ६५ मध्ये येतं. बिअर त्यातून सुटत नाही. मेव्हण्यांचं वेगळं. ब्रिटननं घरी पिण्यापुरत्या बिअरचा परवाना १९६३ मध्येच काढून टाकला.

गंगावेश_कट्टा
काय मर्दा, कलमं सांगायलाईस! परमिट काढायचं की, विषय संपला. दुकानात एका दिवसाचं पाच रुपयात मिळतंय.

नियमावर_बोट
ते परमिट पिण्याचं. करण्याचं न्हवं.

गंगावेश_कट्टा
मग इडलीचं पीठ आंबतंय त्याला बी कलम लावा. कोकणात ताडी, आपल्याकडं नीरा, त्याचं काय?

नियमावर_बोट
नीरा ताजी असते तोवर नीरा. उन्हात आंबली की ताडी, आणि ताडीला परवाना लागतो. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूनं पडला.

(इथनं पुढं अकरा प्रतिसाद नीरा कुठल्या स्टँडवर चांगली मिळते यावर झाले. ते संचालकांनी दुसऱ्या धाग्यात हलवले.)

गडहिंग्लजच्या_काकू
बाळा, एवढी यातायात कशाला? आंबील कर. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळपर्यंत छान आंबतं. उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, निवलं की ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. माठात ठेव. आमचे हे भांगलणीच्या बायकांना तांब्यानं द्यायचे, दुपारच्या उन्हात कुणाला चक्कर आलेली मला आठवत नाही. तुझ्या आईलाही चालेल.

मेलबर्न_रिटर्न
काकू, आंबील आणि बिअर यांची तुलना होत नाही.

गडहिंग्लजच्या_काकू
दोन्ही धान्य भिजवून आंबवलेलंच ना रे? हिमालयाकडं याच नाचणीची छांग करतात म्हणे.

मेलबर्न_रिटर्न
...तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

पांढरा_रस
पालासाहेब, आल्याची बिअर म्हणतात ती करून बघा. नावातच काय ती बिअर. दोन लिटर पाण्याला मूठभर किसलेलं आलं, पाऊण वाटी साखर, दहा मिनिटं उकळा, गाळा, कोमट झालं की दोन लिंबं आणि पावात घालतात ते कोरडं यीस्ट चिमूटभर. चमचाभर घालू नका. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरायचं, वर चार बोटं जागा सोडायची.

बाटली रोज दाबून बघायची. दगडासारखी घट्ट लागली की लगेच फ्रीजमध्ये. आपल्याकडं एप्रिलात एका दिवसात होते, थंडीत दोन-तीन दिवस. फ्रीजमधनं काढल्यावर झाकण हळूहळू सोडा, नाहीतर छत धुवाल. सगळा खर्च शंभरच्या आत. थोडी नशा त्यातही तयार होते, शून्य म्हणणार नाही, म्हणून पोरांना देऊ नका आणि आठवडाभर बाहेर विसरू नका.

फक्त_वाचक
बाटली फुटते. जपून.

मेलबर्न_रिटर्न
फुटण्यावरून सांगतो, आता इतकं झालंच आहे तर. जानेवारी, म्हणजे तिकडचा उन्हाळा. पुस्तकात 'पाच-सात दिवस' लिहिलं होतं, मी पाचव्या दिवशी काचेच्या बाटल्या भरल्या. घनता मोजायचा हायड्रोमीटर होता. पण पेटीतच होता. सुरुवातीला घनता १.०४८ आली तर शेवटी १.०१२ च्या आसपास यायला हवी आणि दोन-तीन दिवस तिथंच थांबायला हवी, हे मला माहीत होतं. मोजायचा कंटाळा केला. साखर शिल्लक होती, वर मी बाटलीमागं आणखी साखर घातली. रात्री अडीचला शेडमध्ये फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज. चोवीसपैकी सतरा बाटल्या गेल्या. काच पत्र्यात रुतलेली मी पक्कडीनं काढली. शेजारचे गृहस्थ दिव्याची बॅटरी घेऊन आले, त्यांना वाटलं चोर.

गंगावेश_कट्टा
चाळीस बॅचचा अधिकार म्हणं!

मेलबर्न_रिटर्न
ती तिसरी होती.

फक्त_वाचक
मी सांगितलं होतं.

शिरोलीकर
स्टीलची टाकी फुटत नाही.

रात्रपाळी_सिस्टर
एक वेगळं सांगते. दिवसभर घाम गाळून रिकाम्या पोटी बिअर घेतली की अंगातलं पाणी आणखी जातं, लघवीवाटे. तहान भागली असं वाटतं, भागलेली नसते. आधी दोन तांबे पाणी, लिंबू, मीठ-साखर. मग काय ते. आणि शेतीची लाईट रात्रीची असेल, विहिरीवर मोटर चालू करायला जायचं असेल, त्या दिवशी बाटलीला हात लावू नका. बाकी मी काही बोलत नाही.

गंगावेश_कट्टा
ताई बरोबर बोलल्या. आणि रात्री गवा आला तर शुद्धीत पळता आलं पायजे.

उसाचा_पाला
सगळ्यांचे आभार. बिअरचा नाद सोडला. कायद्याचं तर आहेच, पण खरं सांगायचं तर फ्रीज आणि टाकी ऐकून घाम फुटला. आल्याचं करतो. फक्त साखरेऐवजी काकवी घालणार. गुऱ्हाळातनं घरच्या उसाची डबाभर आणलीय.

मेलबर्न_रिटर्न
काकवी नको. चव जड होते, रंग काळपट येतो.

पांढरा_रस
मीही साखरच म्हणेन. निदान पहिल्यांदा तरी.

शिरोलीकर
काकवीनं बाटली चिकट होते.

गडहिंग्लजच्या_काकू
काकवी भाकरीबरोबर खायची असते रे.

गंगावेश_कट्टा
२०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, जगात भारी गूळ सोडून काकवी? गूळ घाल भावा.

उसाचा_पाला (नऊ दिवसांनी)
काकवीच घातली. चार बाटल्या केल्या, तीन झाल्या. चौथी शनिवारी दाबून बघायची राहिली, रविवारी झाकण सोडलं तर अर्धी स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेली. डाग काळपट आहे, मेलबर्नवाले म्हणाले तसाच. आईनं चुना मागवलाय.

उरलेल्या तीन बर्फाच्या डब्यात घालून रानात नेल्या. पाला काढून झाला, हातपाय धुतले, सिस्टरांनी सांगितलं तसं आधी पाणी प्यायलो. मग बांधावर बसून एक उघडली. गढूळ, तळाला गाळ, फेस आला आणि लगेच गेला. आल्याचा झटका आणि मागं काकवीची उसाटलेली चव. मेव्हण्यांच्या बिअरसारखी अजिबात नाही. सगळी संपवली.

वडिलांना पेला दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "ह्यात काय हाय? आलेपाकाचं पाणी." मग पेला पुढं केला.

शिरोलीकर
भिंतीला स्टीलचा पत्रा बसवून देऊ का?