मधली वर्षंही सापडतात
पूर्वजांचा शोध घेताना साध्या माणसाची जन्म-मृत्यूपलीकडे काही नोंदच उरत नाही, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. जनगणनेच्या याद्या ओळीने लावून बघा, माणूस एका ठिकाणाहून दुसरीकडे हलताना दिसतो. फक्त वयावर विसंबू नका. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. कुटुंबप्रमुखाशी नातं तर १८५१ पासून मिळतं.

लग्नाच्या नोंदीत साक्षीदारही आवर्जून पाहा, बरेचदा भावंडंच निघतात. आणि सहीच्या जागी लिहिता न येणाऱ्याची फुली दिसली की मी तिथेच थांबते. मूळ रजिस्टर असेल तर ती थरथरती रेघ बहुधा त्याच माणसाच्या हाताची असते.