स्प्रेड बेटिंग शिकायचंय: पॉइंटमागे किती लावायचे, आणि इथून करता येतं का?

चाळीसगावकर
राम राम मंडळी. इंग्लंडात सोनं, इंडेक्स यांच्या चढउतारावर ‘पॉइंटमागे इतके पौंड’ लावून व्यवहार करतात, ते स्प्रेड बेटिंग पद्धतशीर शिकायचं आहे. ब्रोकर ७९९८/८००२ असा दुहेरी भाव देतो, ८००२ ला घेतलं की ४ पॉइंट आधीच गेलेले, इथपर्यंत समजलं. पण पॉइंटमागची रक्कम कशावरून ठरवतात? आणि जळगाव-धुळ्यात बसून हे कायद्यात बसतं का? भांडवल १ लाख, पेरणीचे किंवा घरखर्चाचे नाहीत, वेगळे काढलेले.

तापीकाठ
भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथेच अडकतात. भारतात राहणाऱ्याला परदेशी ब्रोकरकडे मार्जिन (सौद्यासाठीची अनामत रक्कम) भरण्यासाठी पैसे पाठवता येत नाहीत. एलआरएसची (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा ऐकून लोक फसतात. ती मर्यादा शिक्षण, प्रवास, शेअर खरेदी वगैरेंसाठी आहे, मार्जिनला त्यात मनाई आहे. तो फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंग ठरतो. टेलिग्रामवर कुणी ‘यूपीआयने भरा, डॉलरमध्ये खातं उघडून देतो’ म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढू नका. तिकडे हा नफा साधारणपणे करमुक्त असतो, ती सवलतही तिथल्या रहिवाशांची, आपली नाही.

हिशेब मात्र जसाच्या तसा इथे वापरता येतो. स्टुअर्ट व्हीलर यांनी १९७४ साली लंडनमध्ये हा धंदा सुरू केला तो सोन्याच्या भावावरच, आणि सोनं तर आपल्या जळगावचं. एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड पेटल नावाच्या सोन्याच्या वायद्याचा सौदा १ ग्रॅमचा. भाव १ रुपया हलला की तुमचा १ रुपया हलतो. म्हणजे १२ पेटल घेतले की ‘पॉइंटमागे १२ रुपये’. सेबी नोंदणीकृत ब्रोकरकडे कमोडिटी सेगमेंट सुरू करून घ्या. नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरून आयटीआर-३ भरावा लागतो.

सराफगल्ली
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आधी स्टॉप (तोटा थांबवून बाहेर पडायचा भाव), मग नग (किती सौदे घ्यायचे). बहुतेकांचं उलटं असतं, म्हणून खातं रिकामं होतं.

१ लाखावर एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १००० रुपये घालवायची तयारी. चार्टवर तुमचा अंदाज चुकला असं ज्या भावाला सिद्ध होतं, तिथे स्टॉप. समजा ते अंतर १० ग्रॅममागे ८०० रुपये निघालं. पेटलमध्ये ते ८० रुपये. १००० भागिले ८० म्हणजे १२.५, म्हणून १२ नग. नेहमी खाली उतरवा, उरलेले ४० रुपये ब्रोकरेज आणि सीटीटीला (सौद्यावरचा सरकारी कर) लागतात. हाच स्टॉप गोल्ड मिनीत पाहा. सौदा १०० ग्रॅमचा, भाव १० ग्रॅमचा, म्हणून १ रुपयाला १० रुपये. ८०० रुपयांचा स्टॉप म्हणजे ८००० रुपये, एका फटक्यात ८ टक्के. मार्जिन पुरतंय म्हणून मिनी उचलायची नाही. मार्जिन ही ब्रोकरची सोय, तुमची जोखीम त्यावरून ठरत नाही.

आणखी एक. पेटलमध्ये घेणारा-देणारा यांच्या भावातलं अंतर कधी कधी मोठं असतं. मार्केट डेप्थमध्ये (घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या भावांची यादी) पाचही ओळी बघूनच ऑर्डर टाका. आणि सराफ दुकानातला भाव पाहून स्टॉप लावू नका, त्यात ३ टक्के जीएसटी असू शकतो, एमसीएक्सच्या भावात तो नसतो.

चाळीसगावकर
समजलं, आभार. स्टॉप लावूनही जास्त तोटा होतो तो कसा?

सराफगल्ली
१२,४०० ला घेतलं, ट्रिगर (ऑर्डर जागी व्हायचा भाव) १२,३२० आणि लिमिटही (ज्याखाली विकायचं नाही तो भाव) १२,३२० टाकली, असं धरा. भाव झटक्यात १२,३१० वर आला तर ऑर्डर जागी होते पण विकली जात नाही, लटकून राहते. विक्रीची लिमिट ट्रिगरच्या खाली ठेवा, इथे १२,३०५ च्या आसपास. तरी गॅपला इलाज नाही. एमसीएक्स रात्री बंद होतं, न्यूयॉर्कमध्ये सोन्याचे सौदे चालूच असतात, आणि सकाळी ९ ला तुमच्या स्टॉपच्या पार खालीच भाव उघडू शकतो.

फेडच्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) व्याजदराचा दिवस तर लिहूनच ठेवा. तिथले दुपारचे २ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे ११:३०, नेमका एमसीएक्स बंद व्हायची वेळ. हिवाळ्यात बाजार ११:५५ ला बंद, आणि निर्णय १२:३० ला. दोन्ही वेळा बाहेर पडायला दार नाही. त्या रात्री सौदा ठेवायचा नाही, किंवा नग निम्मे. अमेरिकेचे महागाईचे आकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला, हिवाळ्यात ७ ला येतात. तेव्हा डेप्थ रिकामी होते.

गिरणाकाठ
सराफगल्लींच्या १ टक्क्यामागचं गणितही पाहून घ्या. सलग १० तोटे झाले तर १ टक्क्याने खातं साधारण ९.६ टक्के उतरतं, ५ टक्क्यांनी ४० टक्के. ते ४० टक्के भरून काढायला ६७ टक्के कमवावे लागतात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात शेअर एफ अँड ओमधले (वायदे आणि ऑप्शन) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले.

म्हणून आधी ५० सौदे कागदावर करा, खरे भाव आणि खरा खर्च धरून. वहीत प्रत्येक सौद्याला तारीख, शिरण्याचं कारण, स्टॉप, नग, आणि निकाल ‘किती पट जोखीम’ असा लिहा. १००० ची जोखीम घेऊन २००० नफा झाला तर +२, स्टॉप लागला तर -१. शंभरात ४० सौदे +२ आणि ६० सौदे -१ निघाले तरी सरासरी +०.२ येते, खर्च वजा व्हायचाय. स्टॉप मागे सरकवलेला सौदा लाल पेनाने लिहा, तो जिंकला तरी. दिवसात -३ झालं की टर्मिनल बंद.

आणि कॉन्ट्रॅक्टची शेवटची तारीख पाहा. पेटलमध्येही सक्तीची डिलिव्हरी आहे. टेंडर पिरियड (डिलिव्हरीचे शेवटचे दिवस) सुरू होण्याआधीच सौदा कापा किंवा पुढच्या महिन्यात न्या, नाहीतर मार्जिन वाढतं आणि सोनं अंगावर येतं.