मस्कतहून आलेला ही-मॅन: किंमत कशी ठरवावी, आणि त्याची तलवार अर्धीच का?

(एका चर्चेतील प्रश्नोत्तरे; प्रत्येक मजकुराच्या वरचे नाव हे लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

माळ्यावरचा पेटारा (प्रश्न)

सांगलीचे घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या लहानपणीचा ही-मॅन, म्हणजे मॅटेल या अमेरिकी कंपनीचा प्लास्टिकचा खेळण्यातला योद्धा, सापडला. आईच्या सांगण्यानुसार तो मामाने १९८६ च्या सुमारास मस्कतहून आणला होता, तर थोरल्या भावाला तो पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातून घेतल्याचे पक्के आठवते. उंची सुमारे साडेपाच इंच आहे. छातीवरचे करडे चिलखत आणि तलवार शिल्लक आहे, खोके किंवा कार्ड (ज्या पुठ्ठ्यावर खेळणे बंद करून विकत तो) नाही. पाय लटलटतात. पाठीवर ‘मॅटेल’ आणि ‘१९८१’ अशी उठावाची अक्षरे असून त्यांच्याजवळचा आणखी एक शब्द झिजल्यामुळे वाचता येत नाही.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे म्हणणे असे की १९८१ म्हणजे कार्टून येण्याच्याही आधीची, पहिल्या तुकडीतील फिगर, त्यामुळे ती पंधरा हजारांच्या खाली देऊ नये. दुसऱ्या एकाने दोन हजार देऊ केले आहेत आणि वर तलवार एका बाजूने तासलेली, म्हणजे नकली आहे, असेही ऐकवले. तलवारीची एक बाजू खरोखरच सपाट आहे, आणि दूरदर्शनवर पाहिलेली ही-मॅनची तलवार तर पूर्ण होती. विकायचीच असे ठरवलेले नाही, परंतु हातात काय आहे हे नीट समजून घेण्याची इच्छा आहे.

काटेकोर

आपल्या दोन्ही सल्लागारांनी अर्धवट माहितीवर निकाल दिलेला दिसतो. १९८१ हे स्वामित्वहक्काचे वर्ष आहे, उत्पादनाचे नव्हे. साचा ज्या वर्षी नोंदवला गेला ते वर्ष त्याच साच्यातून पुढे वर्षानुवर्षे निघालेल्या प्रत्येक फिगरच्या पाठीवर उमटत राहिले. मॅटेलने खेळण्यांची ही मालिका बाजारात आणली १९८२ मध्ये, आणि ही-मॅन हा तिचा नायक असल्यामुळे त्याचे उत्पादन पुढेही होत राहिले. तेव्हा ‘१९८१ लिहिले आहे म्हणून पहिली तुकडी’ हा युक्तिवाद टिकत नाही. आपली फिगर १९८६ मध्ये नवी कोरी घेतलेली असली तरी तिच्यावर १९८१ हेच असेल.

तलवारीबद्दल मात्र निश्चिंत राहावे, ती अर्धीच असते. येथे खेळणे आधी आले आणि कार्टून नंतर, हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय कोडे उलगडत नाही. फिल्मेशन कंपनीचे कार्टून १९८३ मध्ये सुरू झाले आणि १९८५ पर्यंत त्याचे १३० भाग निघाले. त्याआधी खेळण्यासोबत मिळणाऱ्या छोट्या चित्रपुस्तिकांतील कथा निराळी होती. तिच्यात राजपुत्र अ‍ॅडम नव्हता, ही-मॅन हा रानटी टोळीतील योद्धा होता आणि शक्तीच्या तलवारीचे दोन तुकडे झालेले होते. त्यांपैकी एक ही-मॅनसोबत आणि दुसरा, जांभळा, त्याचा शत्रू स्केलेटर याच्या फिगरसोबत मिळे. दोन्ही सपाट बाजू एकमेकींत अडकवल्या की पूर्ण तलवार तयार होई, म्हणजे मुलाला दोन्ही फिगर घ्याव्या लागत (विक्रीची ही युक्ती आजही दाद देण्याजोगी आहे). कार्टूनमध्ये हा धागा सोडून दिला गेला, म्हणून पडद्यावर पाहिलेल्या तलवारीशी खेळण्यातील तलवार ताडून पाहणे हीच चूक आहे.

आता उरला झिजलेला शब्द, आणि घरातला वाद मिटवणारा पुरावा बहुधा तोच असेल. तेथे उत्पादनाच्या देशाचे नाव असते, उदाहरणार्थ तैवान किंवा मलेशिया. खोलीत अंधार करून विजेरीचा उजेड पाठीवर अगदी तिरपा पाडा, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. त्या काळी भारतात तयार खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे येथील दुकानांत रीतसर मिळणारा ही-मॅन हा मॅटेलच्या परवान्याने ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाखाली काढलेला असे. परदेशात घडवलेली फिगर बहुतेक वेळा नातेवाइकांच्या सामानातूनच येई. लिओच्या फिगरमधील रंगछटा अमेरिकी बाजारातील फिगरपेक्षा वेगळ्या दिसतात, आणि याच वेगळेपणामुळे परदेशातील संग्राहक त्यांच्या शोधात असतात. येथे मात्र रंग जुळत नाही एवढ्यावरून लोक त्यांना नकली ठरवून मोकळे होतात.

रबरी गुडघे

वंशावळीइतकीच प्रकृतीही पाहावी लागते. पाय लटलटतात हे या फिगरचे ठरलेले दुखणे आहे. दोन्ही पाय आतून रबराच्या जोडाने ताणून धरलेले असतात आणि तीस-चाळीस वर्षांत ते रबर सुकते, सैल पडते किंवा तुटते. कंबरेत स्प्रिंग असते. धड एका बाजूला वळवून सोडले की त्याने झटक्यात परत येऊन ठोसा मारला पाहिजे. ते आळसावल्यासारखे अर्ध्यावर थांबत असेल तर स्प्रिंग गंजलेली किंवा थकलेली आहे असे समजावे. धडाच्या शिवणीवर चीर गेली आहे का, हेही नखाने चाचपून पाहा.

रंगाची झीज प्रथम केसांच्या टोकांवर, नाकाजवळ आणि बुटांच्या पुढच्या कडांवर दिसते. झीज असणे हा दोष आहेच, परंतु झीज लपवण्यासाठी दिलेला नवा रंग हा त्याहून मोठा दोष होय, कारण मूळ रंग पुन्हा मिळवता येत नाही. चिलखताचे पट्टे पाठीमागे जेथे अडकतात तेथे ते फाटतात, म्हणून ते काढताना ओढू नका.

तलवारीचा घाट योग्य असला तरी ती मूळचीच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण मूळ शस्त्रावरून साचा घेऊन पाडलेल्या नकला सर्रास विकल्या जातात. मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘संपूर्ण मूळ संच’ म्हणून घेतलेल्या फिगरची कुऱ्हाड अशीच निघाली. शेजारी खरी कुऱ्हाड ठेवीपर्यंत मला शंकाही आली नव्हती. अशी नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते, तिच्या कडा बोथट आणि बारीक नक्षी पुसट असते, आणि बऱ्याचदा तिला नको इतकी चकाकी असते. आपली तलवार लहानपणापासून त्याच पेटीत असेल तर ही शंका घेण्याचे कारण नाही.

पायांतील रबर मात्र बदलून घ्यावे असे माझे मत आहे. लटलटणारी फिगर उभी राहत नाही आणि पडून पडून तिचे आणखी नुकसान होते.

काटेकोर

या शेवटच्या मुद्द्यावर माझा मतभेद आहे. विकण्याची शक्यता शिल्लक असेपर्यंत काहीही उघडू नये. रबर बदललेच, तर जुने तुकडे पिशवीत जपून ठेवावेत आणि खरेदीदाराला तसे लेखी सांगावे.

जुना भाव

किमतीसंबंधी थोडे. ऑनलाइन बाजारात लोक काय मागतात यावरून किंमत ठरत नसते; पंधरा हजार मागणारी फिगर तीन वर्षे तेथेच पडून असू शकते. ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहण्याची सोय आहे, ती वापरून आपल्यासारखीच, म्हणजे सुटी, सैल पायांची, कुऱ्हाड आणि ढाल नसलेली फिगर किती रुपयांना गेली ते पाहा. सोबतची पुस्तिका, कुऱ्हाड, ढाल, तलवार आणि चिलखत असा पूर्ण संच आणि अपुरा संच यांच्या किमतींत मोठी तफावत पडते, आणि न फोडलेल्या कार्डाची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. अमेरिकेतील संस्थांकडून प्रत ठरवून घेऊन फिगर पारदर्शक पेटीत बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नका. अपुऱ्या संचासाठी तो खर्च आणि टपालाचा धोका परवडणारा नाही.

दोन हजारांचा देकार अपमानास्पद नाही, परंतु देशाचे नाव वाचल्याशिवाय तो स्वीकारूही नका.

माळ्यावरचा पेटारा

सर्वांचे आभार. विजेरीच्या तिरप्या उजेडात शब्द वाचता आला: मलेशिया. म्हणजे आईचे म्हणणे खरे ठरले. भावाला फोटो पाठवला असता ‘मग लक्ष्मी रस्त्यावरचा कुठे गेला?’ असा प्रतिप्रश्न आला आहे. धड वळवून सोडल्यावर ठोसा जोरात बसतो. शिवणीवर चीर नाही. मात्र पेटीत कपड्यांबरोबर डांबराच्या गोळ्या होत्या आणि पाय हाताला चिकट लागतात. ते साबणाच्या पाण्यात बुडवून धुतले तर चालेल का?

रबरी गुडघे

बुडवू नका. कंबरेत पाणी शिरले तर जी स्प्रिंग आज धडधाकट आहे तीच गंजेल. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून त्यात मऊ कापड भिजवून पिळून घ्या, पाय पुसा आणि सावलीत वाळवा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य चुकूनही वापरू नका, कारण ते रंगाबरोबर प्लास्टिकही खाते. चिकटपणा मुख्यतः प्लास्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य पृष्ठभागावर येऊ लागल्यामुळे असतो, परंतु डांबराच्या गोळ्यांची वाफही अनेक प्रकारच्या प्लास्टिकला बाधते, तेव्हा ही पेटी आता त्याच्यासाठी नको. तलवार पायांना टेकवून ठेवू नका. खोली कोरडी असावी आणि थेट ऊन पडू नये, एवढे पुरे.

माळ्यावरचा पेटारा

तसेच केले. चिकटपणा बराच कमी झाला आहे. दोन हजार देऊ करणाऱ्यांना सध्या नकार कळवला. कुऱ्हाड आणि ढाल मिरजेच्या मावशीकडच्या खेळण्यांत गेली असावीत असा आईचा कयास आहे, त्यामुळे येत्या रविवारी मिरजेला जाणार आहे.