रस्टमधून एचआरटायमर: मॉड्यूल काढताना कर्नल पॅनिक

मालवण_जेट्टी: भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्राचा लिनक्स ड्रायव्हर रस्ट भाषेत आहे, दर 10 मिलिसेकंदांनी सेन्सर वाचतो. कर्नलचा सी भाषेतला अचूक टायमर (एचआरटायमर) अनसेफने, म्हणजे कंपायलर सुरक्षिततेची हमी देत नाही अशा कोडने, गुंडाळलाय. ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नलमधून काढलं की पॅनिक, कर्नलच कोसळतो. काय चुकतंय?

रत्नागिरी_कर्नल: मेमरी मोकळी झाली तरी टायमर रांगेतच राहतो, मग कॉलबॅक (वेळ झाली की टायमर चालवतो ते फंक्शन) मोकळ्या झालेल्या पत्त्यावर धडकतो. स्वतःचं गुंडाळणं काढून टाका, लिनक्स 6.15 पासून कर्नलमध्येच बाइंडिंग (हा टायमर रस्टमधून वापरायचं तयार आवरण) आहे. टायमर पिन करा, म्हणजे मेमरीत जागेवरून हलू देऊ नका, कारण रांगेच्या झाडात त्याचा पत्ता गुंतलेला असतो. सुरू करताना मिळणारं हँडल जपून ठेवा: ते ड्रॉप झालं (रस्टने नष्ट केलं) की टायमर रद्द होतो, चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबूनच.

वेंगुर्ला_रस्ट: पण तिथेच पाण्याखालचा खडक आहे. कॉलबॅकला लागणारा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून हँडल ड्रॉप केलंत तर डेडलॉक, दोघं एकमेकांची वाट पाहत अडकतात! सेन्सर आयटूसीवर (चिप जोडायच्या दोन तारांच्या बसवर) असेल तर कॉलबॅकमध्ये वाचू नका, ते वाचन वाट पाहत झोपतं आणि कॉलबॅकमध्ये झोपायला मनाई आहे. वाचन वर्कक्यूवर (झोपू शकणारी कामं नंतर करणाऱ्या कर्नलच्या रांगेवर) ढकला.

मालवण_जेट्टी: आयटूसीच आहे. वर्कक्यूवर नेतो.