परवाना मिळालेल्या गांजाचा भाव चढाच का राहतो?

प्रश्न | अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, माटुंगा

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी मी अमेरिका आणि कॅनडातील कायदेशीर गांजाच्या बाजारांविषयी वाचते आहे. बेकायदा मालाच्या भावात पकडले जाण्याच्या जोखमीचा मोबदला मिसळलेला असतो, हे आम्हाला वर्गात शिकवले जाते. त्या हिशेबाने जोखीम संपताच भाव उतरायला हवा. परंतु वॉशिंग्टन राज्यात जुलै २०१४ मध्ये दुकाने उघडली, तेव्हा काही ठिकाणी एका ग्रॅमला २५ डॉलरच्या आसपास भाव होता, आणि इलिनॉय व न्यू जर्सी येथेही सुरुवातीची वर्षे महागच गेली. यामागे केवळ कर आहे, की आणखी काही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद | करसल्लागार, विलेपार्ले

कराचा दर किती आहे, याहून तो कशावर आणि कोणत्या टप्प्यावर बसतो, हे आधी पाहावे. वॉशिंग्टनमध्ये सुरुवातीला उत्पादक, प्रक्रियादार आणि किरकोळ विक्रेता अशा तिन्ही टप्प्यांवर प्रत्येकी २५ टक्के कर होता. जुलै २०१५ पासून त्याऐवजी विक्रीवर एकच ३७ टक्के कर आला. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये विक्री खुली करताना गांजाच्या फुलांवर ग्रॅममागे १ डॉलर किंवा उत्पादकाच्या किमतीच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते शुल्क ठेवले. उत्पादकाचा भाव १० डॉलर असताना हे ओझे एक दशांश होते. तोच भाव ३ डॉलरवर आला तर शुल्क एक तृतीयांश होते, म्हणजे भाव घसरू लागला तरी शुल्क त्याला खालून टेकू देऊन धरते.

अमेरिकेत याशिवाय संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, प्राप्तिकर कायद्याचे कलम २८०ई आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाखालील, अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला मालाची खरेदी किंमत तेवढी वजा करता येते. भाडे, पगार, जाहिरात यांची वजावट मिळत नाही. संघीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत ठेवल्याने, राज्याचा परवाना असूनही गांजाच्या दुकानांना वर्षानुवर्षे हे कलम लागू राहिले. कागदावर तोटा असलेल्या दुकानालाही कर भरावा लागतो, आणि ती रक्कम शेवटी गिऱ्हाईकाच्या पावतीत येते. माझ्या मते ही तरतूद उघड अन्याय्य आहे.

प्रतिसाद | मसाल्याचे व्यापारी, मशीद बंदर

ताई, कराइतकेच महत्त्व सरहद्दीला द्या. संघीय बंदीमुळे एका राज्यातील माल दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. जिरे गुजरातेतील उंझ्याहून आणण्यास मनाई होऊन महाराष्ट्राला आपल्यापुरते जिरे येथेच पिकवावे लागले असते, तर आमच्या पेठेत काय भाव फुटला असता, याची कल्पना करा. थंडीच्या प्रदेशातील राज्याला बंदिस्त जागेत, दिव्यांखाली आणि यंत्राने हवा खेळवून पीक घ्यावे लागते. त्याचे वीजबिल मोठे असते. त्यावर प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, रोपापासून विक्रीपर्यंतची नोंद, मुलांना उघडता न येणारे वेष्टन, कॅमेरे, तिजोरी हा खर्च येतो. बहुतेक बँका अशा धंद्यापासून दूर राहत असल्याने भांडवलही महाग पडते. विक्री थोडी असताना हा सारा खर्च मोजक्याच मालावर वाटला जातो.

प्रतिसाद | निवृत्त प्राध्यापक, ठाणे

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तरीही मुख्य कारण मला परवान्यांच्या संख्येत दिसते. ऑरेगॉनने आरंभी परवान्यांवर कमाल मर्यादा ठेवली नव्हती. पीक इतके झाले की भाव कोसळले आणि २०१८ मध्ये नवे अर्ज घेणे थांबवावे लागले. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून विक्री सुरू झाली ती औषधी गांजा विकण्याचा परवाना आधीपासून असलेल्यांकडूनच, आणि सामाजिक न्यायाच्या धोरणाखालील (गांजाबंदीची झळ बसलेल्यांना परवान्यात प्राधान्य देणारी) नवी दुकाने उघडू लागेपर्यंत २०२२ चा उत्तरार्ध उजाडला. तपासणी आणि वेष्टन यांचा खर्च ऑरेगॉनलाही होता. फरक स्पर्धेचा होता.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. सर, मग कॅलिफोर्नियाचे काय? तेथे परवाने पुष्कळ आहेत, तरी कायदेशीर दुकानातील माल बेकायदा मालापेक्षा महागच आहे.

प्रतिसाद | निवृत्त प्राध्यापक, ठाणे

शेतीचे परवाने पुष्कळ आहेत, दुकानांचे नाहीत. २०१६ च्या सार्वमताने राज्यात गांजा वैध झाला, परंतु किरकोळ विक्रीस परवानगी द्यायची की नाही हे शहरे आणि काउंट्या (जिल्ह्यासारखे स्थानिक विभाग) यांच्यावर सोडले गेले, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी ती नाकारली गेली. त्यामुळे घाऊक भाव उत्पादकाला रडवण्याइतके पडले, तरी त्याचा पुरता लाभ गिऱ्हाईकापर्यंत पोहोचला नाही. राज्याचे १५ टक्के उत्पादनशुल्क, सर्वसाधारण विक्रीकर आणि स्थानिक कर वर लागले ते वेगळेच. बेकायदा विक्रेता यातले काहीच भरत नसल्याने त्याचा भाव कमी राहतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे टिकते, आणि कायदेशीर दुकानाची उलाढाल वाढून खर्च उतरण्याची वाटही अडते. आपल्या प्रकल्पात घाऊक आणि किरकोळ भाव दोन वेगळ्या रकान्यांत मांडा. या दोहोंतील अंतर जेथे रुंदावत जाते, तेथे दुकानांची संख्या आणि कर प्रथम तपासा.