७ डिसेंबर: पहिली ते चौथीच्या शाळेत ध्वजदिन कसा करावा?

कोरेगावची बाई
आमची जिल्हा परिषदेची शाळा, पट बत्तीस. चावडीच्या भिंतीत महायुद्धाची पाटी आहे. १९१४-१९१९ ला गावातून किती गेले, किती मेले, एवढंच. नावं नाहीत. नंतरच्या लढाईत गेलेला एक जण मात्र गावाला माहीत आहे, त्याची आई इथंच असते. सशस्त्र सेना ध्वजदिनाला काहीतरी करायचंय. हार-नारळ, भाषणं नकोत, पहिलीची पोरं उन्हात पेंगतात. सुचवा.

निवृत्त हवालदार, मराठा लाईट इन्फंट्री
बाई, पाटीला कुणी ऑइलपेंट मारायला आला तर आधी पिटाळा. आमच्याकडं सुशोभीकरणात निम्मी अक्षरं बुजली. पोरांना त्यावर कागद धरून पेन्सिल घासू द्या, अक्षरं उमटतात. लाकडी बंदुका घेऊन मरायचं नाटक बसवू नका, ती आई समोर बसणार आहे. तिला स्टेजवर बोलवून रडवूबी नका. चार-चार पोरं तिच्या घरी पाठवा. तो कुठल्या वर्गात बसायचा, मार खायचा का, विहिरीत पोहायचा का, हे विचारू दे. बोलंल ती. आन दोन मिनिटं शांतता पहिलीला झेपत नाही, अर्धा मिनिट बास.

मिरजकर
नावं मिळू शकतात. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी होत्या. तिथल्या कूत शहरात इंग्रजी फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला फौजेच्या शरणागतीनं संपला, त्या फौजेतही होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. (राग येतो, पण असो.) नोंदी मात्र आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर बघा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. स्पेलिंग साहेबानं कानाला लागेल तसं केलेलं, त्यामुळं गावाचं नाव चार तऱ्हांनी टाका.

कोरेगावची बाई
एक सापडला! गाव आमचंच, बापाचं नाव आहे, आडनाव नाही. आता दोन भावक्या म्हणतायत, तो आमचाच. काय करू?

मिरजकर
तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बघा. मृत्यू परदेशातला, तो तिथं नसणार. जन्माची नोंद लागली तर लागली. मोडी वाचणारा सोबत न्या.

निवृत्त हवालदार
तवर पोरं दोन्ही वाड्यांत पाठवा की. भांडू द्या, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.